देहाबाहेरचे यकृत : अवघड गाठींची शस्त्रक्रिया आणि मशीन पर्फ्युजन

यकृतातली गाठ काढता येईल की नाही हे तिच्या आकारापेक्षा तिच्या जागेवर अधिक ठरते. उजव्या कडेला वाढलेली नारळाएवढी गाठ अनुभवी सर्जन सहीसलामत काढतो, आणि लिंबाएवढी एखादी गाठ त्याच सर्जनला माघार घ्यायला लावते, कारण ती नेमकी तीन यकृतशिरा अधोमहाशिरेला मिळतात त्या संगमावर बसलेली असते. यकृताचे वजन साधारण दीड किलो. पण त्यातून दर मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त वाहते, म्हणजे हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्ताचा चौथा हिस्सा. यातले बहुतांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेवाटे येते आणि उरलेले यकृत धमनीतून. आत येण्याच्या वाटा दोन, बाहेर पडण्याच्या मुख्य वाटा तीन, आणि या तीन शिरा यकृताबाहेर इतक्या आखूड की क्लॅम्प लावायलाही जागा पुरत नाही. या शिरांना गाठीने वेढले की ती कापायची तर शिराही कापाव्या लागतात, आणि कापलेल्या शिरा पुन्हा जोडायच्या तर तेवढा वेळ यकृताला रक्तावाचून ठेवावे लागते. यकृताच्या अवघड शस्त्रक्रियेचा शंभरेक वर्षांचा इतिहास म्हणजे हा वेळ मिळवण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे. मशीन पर्फ्युजन ही त्यातली सर्वात नवी युक्ती.

पर्फ्युजन म्हणजे अवयवाच्या रक्तवाहिन्यांतून द्रव खेळता ठेवणे. मशीन पर्फ्युजनमध्ये हृदयाचे काम पंप करतो, फुप्फुसाचे काम ऑक्सिजनेटर करतो आणि तापमान यंत्र सांभाळते. याच शब्दाचा दुसरा एक अर्थ कर्करोगाच्या उपचारात रूढ आहे आणि दोन्हींची गल्लत वारंवार होते. यकृताचा रक्तप्रवाह उरलेल्या शरीरापासून तोडून त्यात मेल्फलानसारखे औषध जबर मात्रेत फिरवायचे, या उपचारालाही पर्फ्युजनच म्हणतात. डोळ्यातला मेलॅनोमा यकृतात पसरला असेल तर तो उपयोगी पडतो. त्यात द्रव हे औषधाचे वाहन असते. इथे विचार आहे तो अवयव जगवणाऱ्या पर्फ्युजनचा.

सुरुवात बोटांच्या चिमटीपासून झाली. ग्लासगोचे सर्जन जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये अपघातात फुटलेल्या यकृताचा रक्तस्राव थांबवण्यासाठी यकृताच्या देठातल्या वाहिन्या अंगठा आणि बोटात दाबून धरण्याची पद्धत लिहून ठेवली. जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत आजही ती ‘प्रिंगल’ याच नावाने चालते. पंधरा मिनिटे दाबायचे, पाच मिनिटे सोडायचे, पुन्हा दाबायचे. निरोगी यकृत असा ताण पुष्कळ सोसते. मात्र देठ दाबल्याने आत येणारे रक्त थांबते. महाशिरेतून उलटे येणारे थांबत नाही. म्हणून १९६६ मध्ये सर्जन हीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देठाबरोबर यकृताच्या वरची आणि खालची अधोमहाशीरही बांधून यकृत पूर्णपणे रक्तप्रवाहाबाहेर काढले. रक्तस्राव थांबला, पण घड्याळ सुरू झाले : शरीराच्या तापमानाला रक्ताविना राहिलेल्या यकृताला तासाभरानंतर इजा होण्याचा धोका झपाट्याने वाढतो.

घड्याळ मंद करायचे तर यकृत थंड करावे लागते. न्यूयॉर्कच्या जोसेफ फोर्टनर यांनी १९७४ मध्ये रक्तप्रवाहापासून तोडलेल्या यकृतात, ते जागेवरच असताना, थंड द्रव सोडून मोठमोठी छेदने केल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. पॅरिसजवळच्या व्हिलज्वीफ इथल्या पॉल ब्रूस रुग्णालयात ही वाट पुढे चिकाटीने तुडवली गेली. २०१५ मध्ये तिथल्या सर्जनांनी आपल्या लागोपाठच्या ७७ रुग्णांचा हिशेब मांडला. तीन महिन्यांतले मृत्यू जवळजवळ पाचात एक होते. या शस्त्रक्रियेचा विचार करताना हा आकडा नजरेआड होऊ देता कामा नये. दुसरा कुठलाही इलाज न उरलेल्यांवर, उत्तम हातांनी, उत्तम ठिकाणी केलेल्या कामाचा तो आकडा आहे.

याहून धाडसी पाऊल हॅनोव्हरच्या रुडॉल्फ पिख्लमायर यांनी १९८८ मध्ये उचलले. त्यांनी यकृत पूर्ण बाहेर काढले, बाजूच्या टेबलावर बर्फात ठेवून त्यातली गाठ कापली आणि उरलेले यकृत त्याच रुग्णाच्या पोटात परत बसवले. एकाच दात्याचे यकृत दोन रुग्णांत विभागून बसवण्याचा पहिला प्रयोगही त्यांनी त्याच वर्षी केला, हा योगायोग नाही. दोन्हींना लागणारे कसब एकच : शरीराबाहेर, रक्त नसलेल्या यकृतावर, वाहिन्यांचा माग काढत केलेली काटछाट. फ्रान्समध्ये लोरान हानून यांनी १९९१ मध्ये मधली वाट सुचवली. त्यात यकृताचा देठ न तोडता फक्त यकृतशिरा महाशिरेपासून सोडवायच्या, यकृत पोटाबाहेर पुढे ओढून घ्यायचे आणि तिथेच काम उरकायचे. धमनी आणि पित्तनलिका पुन्हा जोडण्याची कटकट त्यामुळे वाचते.

बाजूच्या टेबलावर, सर्जनांच्या बोलीत बॅक टेबलवर, काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. यकृत बर्फाच्या चुऱ्यावर ठेवलेल्या पातेल्यात असते. आतले रक्त धुऊन निघाल्यामुळे त्याचा तांबूस काळपट रंग जाऊन ते फिकट तपकिरी दिसते. रक्त नाही म्हणून कापलेल्या पृष्ठभागावरची प्रत्येक नळी स्वच्छ दिसते. पोटात ज्या शिरेच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचताच आले नसते, ती इथे यकृत उलटे करून समोर घेता येते. गाठीबरोबर शिरेचा तुकडा गेला तर रुग्णाच्याच दुसऱ्या एखाद्या शिरेचा किंवा कृत्रिम नळीचा तुकडा शिवून वाट पूर्ण करतात. इकडे रुग्ण यकृताविना असतो. पायांकडचे आणि आतड्यांकडचे रक्त पंपाने किंवा तात्पुरत्या जोडणीने हृदयाकडे वळवलेले असते. रक्तातली साखर घसरू लागते, एरवी यकृत साफ करते ते लॅक्टेट चढत जाते, रक्त गोठेनासे होते आणि भूलतज्ज्ञ हे सारे तासन्‌तास तोलत बसतो. टेबलावर काम जितके नेटके, तितका हा काळ लांबतो. या शस्त्रक्रियेची मूळ कोंडी इथेच आहे.

या पद्धतीचा सर्वाधिक अनुभव कर्करोगातून आलेला नाही. चीनच्या शिनजियांग आणि आसपासच्या पशुपालक भागात कोल्ह्या-कुत्र्यांच्या फीतकृमीमुळे होणारा अल्व्हिओलर एकिनोकॉकोसिस हा रोग यकृतात अगदी घातक गाठीसारखा पसरतो आणि शिरांना, महाशिरेलाही, विळखा घालतो. उरुम्चीच्या वेन हाओ यांच्या गटाने अशा रुग्णांचे यकृत बाहेर काढून साफ केले आणि परत बसवले. २०१९ मध्ये त्यांनी ६९ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एकही मृत्यू नव्हता आणि महिन्याभरातले मृत्यू सुमारे ७ टक्के होते. जगभरच्या २४४ रुग्णांचा २०२० मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात महिन्याभरातले मृत्यू साडेनऊ टक्के भरले. फरक पडला तो वर्षाच्या शेवटी : घातक नसलेल्या आजारांत दहातले नऊ रुग्ण जिवंत होते, कर्करोगात सुमारे ६५ टक्के. तंत्र तेच असताना हा फरक उरतो, म्हणून तो नुसत्या शस्त्रक्रियेच्या कौशल्याच्या खात्यावर टाकता येत नाही. कर्करोगात गाठ जाते, पण आजार पुष्कळदा आधीच इतरत्र पोहोचलेला असतो. यंत्राकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, याची पहिली खूण इथेच मिळते.

आता थंडीच्या मर्यादेकडे. विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी १९८०च्या दशकात तयार केलेल्या द्रावणामुळे यकृत बर्फात बरेच तास टिकू लागले आणि रोपणशास्त्राचा चेहरा बदलला. पण चार अंशांवरही पेशीचा व्यवहार पूर्ण थांबत नाही; तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास चालूच राहतो. ऑक्सिजन नसल्याने पेशीचे इंधन संपत जाते आणि मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट साठत राहते. मग गरम रक्त परत आले की हे साठलेले सक्सिनेट एकदम जळते, विषारी ऑक्सिजन-मूलके बाहेर पडतात आणि थंडीत निमूट बसलेली पेशी रक्त मिळाल्या क्षणी जखमी होते. म्हणजे इजा रक्त नसताना पेरली जाते आणि रक्त आल्यावर उगवते. अर्धेअधिक यकृत कापून टाकलेल्या, केमोथेरपीने किंवा चरबीने आधीच थकलेल्या उरलेल्या तुकड्याला हा धक्का फार महाग पडतो.

अवयव यंत्रावर जिवंत ठेवण्याची कल्पना जुनीच आहे. अलेक्सी कॅरेल आणि वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी काचेचा पंप बनवला होता. १९६७ मध्ये डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांना यकृतरोपणात पहिले टिकाऊ यश मिळाले, तेव्हाही दात्याचे यकृत थंड पर्फ्युजनवर ठेवले होते. ती रुग्ण यकृताचा कर्करोग झालेली दीड वर्षाची मुलगी होती. ती वर्षाहून अधिक जगली आणि अखेर कर्करोग उलटूनच गेली. पुढे चांगली द्रावणे आली, बर्फाची पेटी स्वस्त आणि सोपी ठरली, आणि यंत्र चाळीसेक वर्षे अडगळीत पडले.

ते परत आले ते दोन रूपांत. पहिले थंड रूप झुरिकच्या फिलिप डुट्कोव्स्की यांच्या गटाने आणि नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या केंद्राने घडवले. दहा अंशांच्या आसपास, अगदी कमी दाबाने, ऑक्सिजनने भरलेला द्रव तास-दोन तास फिरवायचा. एवढ्याने मायटोकॉन्ड्रिया साठलेले सक्सिनेट सावकाश जाळून टाकतात आणि इंधन पुन्हा भरून घेतात, त्यामुळे नंतरचा धक्का मवाळ होतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत हृदय थांबल्यावर दान केलेल्या यकृतांमध्ये पित्तनलिका आक्रसण्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. या रूपाचा मोठा गुण असा की पंप मध्येच बंद पडला तरी यकृत थंडच असते. फार काही बिघडत नाही.

दुसरे रूप शरीराच्या तापमानाचे. ऑक्सफर्डमध्ये पीटर फ्रेंड आणि कॉन्स्टँटिन कूसिओस यांनी विकसित केलेल्या यंत्रात यकृतात ३७ अंशांवर तांबड्या रक्तपेशी फिरतात. यकृत पित्त तयार करते, साखर हाताळते आणि लॅक्टेट खाऊन टाकते. अशा यंत्रावर ठेवलेल्या यकृतांना रोपणानंतर झालेली इजा बर्फातल्यांपेक्षा निम्मी होती, असे २०१८ मध्ये २२० रोपणांच्या युरोपीय चाचणीत दिसले. उष्ण यंत्राचे खरे वैशिष्ट्य मात्र परीक्षेत आहे. बर्मिंगहॅममध्ये सर्व केंद्रांनी नाकारलेली ३१ यकृते यंत्रावर चढवून चार तासांत लॅक्टेट उतरते का, पित्त येते का, हे पाहिले गेले. २२ यकृते परीक्षेला उतरली आणि त्यांचे रोपण झाले. तीन महिन्यांनी ते सगळे रुग्ण जिवंत होते. बर्फातले यकृत मुके असते. उष्ण यंत्रावरचे आपली तब्येत सांगते.

गाठींच्या शस्त्रक्रियेशी याचा सांधा जुळतो तो वेळेच्या मुद्द्यावर. झुरिकमध्ये पिएर-आलँ क्लाव्हिएँ यांच्या ‘लिव्हर फॉर लाइफ’ गटाने यंत्राला शरीराची बरीच कामे शिकवली : इन्सुलिन आणि ग्लुकागॉन देऊन साखर राखणे, डायलिसिसने कचरा काढणे, श्वासाबरोबर श्वासपटल जसे यकृताला हलवते तसे ते हलवत राहणे, म्हणजे एकाच जागी दाब पडून पेशी मरत नाहीत. २०२० मध्ये त्यांनी नाकारलेल्या दहा मानवी यकृतांपैकी सहा आठवडाभर चालवून दाखवली. मे २०२१ मध्ये अशाच एका यकृताचे रोपण झाले. त्यात एक संशयास्पद गाठ होती आणि म्हणून ते कुणीच स्वीकारले नव्हते. यंत्रावर ते तीन दिवस राहिले. तेवढ्यात गाठीचा तुकडा तपासून ती निरुपद्रवी असल्याची खात्री झाली, संसर्गावर प्रतिजैविके देता आली, आणि मगच ते यकृत कर्करोगग्रस्त रुग्णाला दिले गेले. पॅथॉलॉजिस्टचा पक्का अहवाल येईपर्यंत अवयवाने वाट पाहावी, हे यकृताच्या बाबतीत पूर्वी कल्पनेतही नव्हते.

ग्वांगझूच्या सन यात-सेन विद्यापीठात हे श्याओशुन यांच्या गटाने २०१७ मध्ये आणखी वेगळी दिशा घेतली. दात्याच्या शरीरात असतानाच यकृत उष्ण यंत्राला जोडायचे आणि यंत्रावरून न उतरवताच रुग्णाला शिवायचे, म्हणजे रक्तप्रवाह एक क्षणही तुटत नाही. २०२३च्या त्यांच्या चाचणीत रोपणानंतर यकृत सुरुवातीला मंद पडण्याचे प्रमाण २४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. स्वतःचेच यकृत बाहेर काढून गाठ कापायची असेल तेव्हा ही कल्पना मोहात पाडणारी आहे : यकृत यंत्रावर धडधडत राहील, सर्जन निवांत कापील, आणि बर्फाचे घड्याळच नसेल. थंड आणि उष्ण दोन्ही पद्धती बाहेरच्या छेदनाला जोडून पाहिल्या गेल्या आहेत, पण अनुभव एकेका रुग्णाचा किंवा छोट्या मालिकांचा आहे.

अडचणी कागदावर दिसतात त्याहून हट्टी आहेत. थंड बॅक टेबलचा सगळा फायदा रक्त नसण्यात होता. उष्ण यंत्रावर कापलेला पृष्ठभाग रक्त गाळतो. याला एक उलट बाजूही आहे. गळती दिसते म्हणून प्रत्येक सुटलेली वाहिनी शिवता येते आणि पित्त कुठून झिरपते तेही कळते. थंड यकृतात हे दोष परत बसवल्यावर, रुग्णाच्या पोटातच उघड होतात. दुसरी अडचण मापाची. यंत्रे पूर्ण यकृतासाठी बनलेली आहेत. उरलेल्या तुकड्यात तोच प्रवाह सोडला तर त्याच्या सूक्ष्म वाहिन्या फाटतात, म्हणून दाब आणि प्रवाह तुकड्याच्या वजनाला बेतावे लागतात. सिडनीच्या गटाने दुभागलेली मानवी यकृते आठवड्याहून जास्त काळ यंत्रावर चालवून दाखवली, तेव्हा हे अशक्य नाही एवढे सिद्ध झाले. तिसरी अडचण कर्करोगाचीच. गाठ हाताळताना सुटलेल्या पेशी एरवी धुऊन वाहून जातात. यंत्राच्या बंद वर्तुळात त्या पुन्हा पुन्हा त्याच यकृतातून फिरू शकतात.

सर्वांत मोठी अडचण यंत्राच्या परीक्षेची आहे आणि तिच्याविषयी उत्साही लेखनात फारसे बोलले जात नाही. रोपणात यंत्राने ‘हे यकृत चालणार नाही’ असे सांगितले तर ते बाजूला ठेवता येते आणि रुग्ण दुसऱ्याची वाट पाहतो. स्वतःच्या यकृताच्या बाबतीत हा नकार ऐकून करायचे काय? टेबलावर यकृताविना पडलेल्या रुग्णासाठी दुसरे यकृत तयार नसेल, तर परीक्षेचा निकाल शोकवार्तेहून वेगळा नाही. म्हणून इथे यंत्राचा उपयोग निवाड्यापेक्षा दुरुस्तीचा जास्त आहे, आणि दुरुस्तीपुरते पाहिले तर थंड, ऑक्सिजनयुक्त पद्धतच आज अधिक शहाणपणाची वाटते. ती साधी आहे, बंद पडली तरी घात करत नाही, आणि कापताना दृष्टी स्वच्छ ठेवते.

यकृत बाहेर असल्याचा फायदा कापण्यापलीकडेही घेता येतो, याचे एक विलक्षण उदाहरण इटलीतल्या पाव्हिया इथले आहे. डिसेंबर २००१ मध्ये, मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतभर विखुरलेल्या एका रुग्णाला आधी बोरॉनयुक्त औषध दिले गेले, कारण कर्कपेशी ते निरोगी पेशींपेक्षा जास्त ओढून घेतात. मग यकृत काढून धुतले, विद्यापीठाच्या छोट्या अणुभट्टीत नेऊन त्यावर न्यूट्रॉनचा मारा केला आणि परत आणून बसवले. रुग्ण साडेतीन वर्षांहून जास्त जगला. २००३ मधला दुसरा रुग्ण साधारण महिन्याभराने दगावला आणि प्रयोग तिथेच थांबला. शरीर सोसणार नाही असा उपचार एकट्या यकृताला द्यायचा, ही त्यामागची कल्पना होती. यकृत दिवसेंदिवस यंत्रावर जगू लागल्यामुळे ती पुन्हा चर्चेत येणे स्वाभाविक आहे.

तरीही गाठींच्या रुग्णांना यंत्राचा मोठा लाभ आज आडवाटेनेच मिळतो आहे, आणि ती वाट रोपणाची आहे. यकृतापुरताच राहिलेला पण कापता न येणारा आतड्याच्या कर्करोगाचा प्रसार असेल तर काटेकोरपणे निवडलेल्या रुग्णांत पूर्ण यकृतच बदलावे, असा विचार ओस्लोहून सुरू झाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रान्समेट’ चाचणीत केमोथेरपीबरोबर रोपण मिळालेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के रुग्ण पाच वर्षांनी जिवंत होते, नुसत्या केमोथेरपीवरचे १३ टक्के. हे नवे रुग्ण रांगेत आले की यकृते आणखी कमी पडणार, आणि नाकारलेली यकृते वापरात आणण्याचे काम यंत्र करते. थंड यंत्रावर उपचार झालेले यकृत मिळाल्यावर कर्करोग कमी उलटतो, असा झुरिकच्या निरीक्षणांचा रोख आहे. रक्त परतताना होणाऱ्या इजेमुळे उरल्यासुरल्या कर्कपेशींना रुजायला जागा मिळते, हे त्यामागचे तर्कशास्त्र पटण्याजोगे आहे. पण ती तुलना मागे वळून केलेली होती, चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि त्यामुळे तिच्यावर फार भार टाकता येत नाही.

भारतात यंत्राची ही गोष्ट थोडी उलट्या क्रमाने उलगडते. ही यंत्रे मृत दात्यांच्या यकृतांसाठी जन्मली, आणि भारतातली बहुसंख्य यकृतरोपणे जिवंत नातेवाइकाने दिलेल्या यकृताच्या भागातून होतात. तो भाग शेजारच्या शस्त्रक्रियागृहातून तासा-दोन तासांत रुग्णापर्यंत पोहोचतो. यंत्राची निकड तिथे भासत नाही. उजवा खंड घेतल्यावर त्याच्या मधल्या भागाच्या बारीक शिरा बॅक टेबलवर उसन्या शिरेने जोडून एक वाट करणे, हे काम मात्र इथल्या रोपण-सर्जनांच्या रोजच्या हातातले झाले आहे. बाहेर काढलेल्या यकृतातून गाठ कापल्यावर नेमके हेच करावे लागते. म्हणजे या शस्त्रक्रियेला लागणारे हात इथे आहेत. यंत्र मात्र महाग आहे, दर वापराला लागणारा एकदाच वापरायचा संचही महाग, आणि अशा शस्त्रक्रियेला पात्र ठरणारे रुग्ण वर्षाकाठी मोजके. त्यामुळे यंत्र मुख्यतः मृत दात्यांच्या यकृतांसाठीच वापरले जाईल, आणि गाठीच्या शस्त्रक्रियेत ते वापरले गेलेच तर त्याच केंद्रांत, तिथल्याच टेबलावर वापरले जाईल.